दोन सूत

आदल्या दिवशी, म्हणजे ज्या रविवारला मी आता मनातल्या मनात ‘आदला दिवस’ म्हणते त्या दिवशी, बाबा ओट्यापाशी उभे राहून खळ ढवळत होते. मैदा पाण्यात शिजायला लागला की एक कोमट, पिठूळ वास घरभर व्हायचा. आमच्या घराला दुसरा वास मला कधी आठवतच नाही. मी टेबलाशी सातवीच्या भूगोलाची प्रुफं घेऊन बसले होते. शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका छापखान्यात मी प्रुफं तपासते. दुसऱ्याच्या चुका शोधायच्या आणि समासात खुणा करायच्या, हाच माझा धंदा. बाबा पुस्तकं बांधायचे. छापून आलेले फर्मे दुमडायचे, शिवायचे, कणा चढवायचा, पुठ्ठा लावायचा, कडा कापायच्या. एकाच दुकानात बेचाळीस वर्षं. मला ते तपासनीस म्हणायचे. त्या दिवशीही खळीतून पळी न काढता म्हणाले, “काय तपासनीस, आज किती गुन्हेगार धरले?” मी म्हटलं, “अकरा. त्यातली एक नदी डोंगर चढून गेली होती.” “चढू द्यायची होतीस की. तिला कधी मिळणार वर जायला?” आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले, खांदे हलवत, आवाज न करता. मी वर पाहिलं नाही. पाहायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा पाहण्यासारखं काय होतं? एक म्हातारा होत चाललेला माणूस खळ ढवळत होता.

दुपारी त्यांनी ते पुस्तक माझ्या प्रुफांवर आणून ठेवलं. हिरवं कापड, कोपऱ्यांना कातडं, कण्यावर काही नाही. आत त्यांचे सगळे कागद होते: या देशात पाऊल ठेवलं त्या दिवसाचा परवाना, दर तीन वर्षांनी वाढवलेल्या मुदतीची पत्रं, दुकानाच्या मालकांचे दाखले, आईशी झालेल्या लग्नाची नोंद, आई गेल्याची नोंद. एकसष्ट कागद. बाबा इथले नागरिक नव्हते. एकोणिसाव्या वर्षी आले, इथेच काम केलं, इथल्याच मुलीशी लग्न केलं, तिला इथेच पोचवलं, पण नागरिक झाले नाहीत. दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा जन्मगावचा दाखला मागितला गेला, आणि ज्या कचेरीतून तो आणायचा ती कचेरीच उरली नव्हती. मग त्यांनी नाद सोडला. म्हणाले, मी कुठे जातोय आता, इथेच तर आहे. दर तीन वर्षांनी परकीय नोंदणी कचेरीच्या खिडकीशी जायचं आणि आपण अजून इथेच आहोत असं सांगून यायचं. मागच्या खेपेला तिथल्या कारकुनाच्या हातून फाइल निसटली, कागद पसरले, एक कपाटाखाली गेला. कारकून खुर्चीतून हलला नाही. बाबांनी गुडघ्यांवर बसून, गाल फरशीला टेकवून तो काढला. आम्ही घरी आलो. जिना चढताना म्हणाले, “सुटे कागद ठेवले, माझंच चुकलं. मी बाइंडर आणि माझेच कागद सुटे!” त्यानंतरची तीन वर्षं ते या पुस्तकाच्या विचारात असावेत.

“घे, तपास,” ते म्हणाले. पण आधी त्यांनी ते मधोमध उघडलं आणि दोन्ही हात वर उचलले, जादूगार उचलतो तसे. पुस्तक उघडं राहिलं. बाबांची ही एकच कसोटी होती. पुस्तक उघडलं की उघडं राहिलं पाहिजे. हाताने दाबून धरावं लागतं ते पुस्तक नव्हे, उंदराचा पिंजरा. मी पानं उलटली. शिवण घट्ट, एकसारखी. आणि तिसऱ्या कागदावर माझा हात थांबला. तो सगळ्यांत जुना परवाना, कांद्याच्या सालीसारखा पातळ, उजव्या कडेला जांभळा गोल शिक्का. शिक्क्याच्या बाहेरच्या कड्यात नोंदीचा आकडा आणि तारीख. ते कडं उजवीकडे नव्हतंच. बाबांनी कड सारखी करताना कागद कापला होता आणि कागदाबरोबर शिक्क्याची उजवी बाजू गेली होती. दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाबा सगळं सुतात मोजत, माझी उंचीसुद्धा त्यांनी दाराच्या चौकटीवर सुतात लिहून ठेवली होती. पाव इंच. काप इतका स्वच्छ होता की शिक्का मुळात तसाच, अर्धवट उमटला असावा असं वाटलं असतं, मला प्रुफं तपासायची सवय नसती तर.

बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. महिन्यापूर्वी दुकानात त्यांच्या हातून एका गिऱ्हाइकाचं पुस्तक जास्त कापलं गेलं होतं, ओळींची शेवटची अक्षरंच गेली. मालक वारल्यापासून दुकान मालकीणबाई बघत. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, “बांधायला दिलं होतं हो, हजामत करायला नाही!” आणि हसतहसतच त्यांनी बाबांना कटिंग मशीनवरून उठवून दुमडायच्या टेबलाशी बसवलं. बाबांनी हे मला तीन दिवसांनी सांगितलं, तेही बाईंचा विनोद म्हणून. हे पुस्तक त्यांनी मशीनवर कापलेलं नव्हतं. घरी, खिडकीच्या उजेडात, पोलादी पट्टी धरून, सुरीने एकेक कड कापली होती. म्हणजे काय ते मला कळत होतं. डोळे अजून आहेत, एवढं त्यांना स्वतःला दाखवायचं होतं आणि साक्षीदार मी होते. मी पान उलटलं. “छान झालंय,” म्हटलं. “एकही चूक नाही?” “नाही.” “तपासनीस म्हातारी झाली,” ते म्हणाले आणि खूश होऊन खळीचं भांडं घासायला गेले. बेचाळीस वर्षांपूर्वीचा शिक्का कोण बघतोय, असं मी मनाशी म्हटलं. त्याच्यानंतरचे तेरा शिक्के शाबूत होते. आणि बघितलाच तर विचारतील, बाबा सांगतील. माणूस समोर उभा असतो, त्याला विचारता येतं. मी खरंच असं धरून चालले होते. टेबलावर कातरणाच्या पट्ट्या पडल्या होत्या. त्या ते कधी फेकत नसत, पुस्तकांत खुणेला ठेवत. जांभळा कंस असलेली पट्टी मी उचलली आणि मी वाचत होते त्या पुस्तकात ठेवली. लपवली म्हणू की ठेवली? दोन्ही एकाच हालचालीत झालं.

त्या गोष्टीला आता सात महिने झाले. मी न्यायालयाच्या चौथ्या खोलीबाहेर लाकडी बाकावर बसले आहे आणि तेव्हा वाचत होते ते पुस्तक माझ्या पर्समध्ये आहे, पट्टी त्याच पानावर. पुढे वाचलेलं नाही. बाकाची एक फळी सैल आहे; शेजारी कुणी बसलं-उठलं की माझ्याखाली हलते. कॉरिडॉरला फिनेलचा आणि जुन्या कागदाचा वास आहे. हा दुसरा वास मला बरा वाटतो. वकीलबाई मधूनमधून येऊन सांगतात, “अजून दोन आहेत आपल्या आधी. काही खाल्लंय का?” त्या माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, चालताना झगा एका हाताने सावरतात, जिन्यात पदर सावरावा तसा. पहिल्या भेटीत त्यांनी मला राज्यघटना उघडून दाखवली होती. इथे बघा, म्हणाल्या, मत द्यायचा हक्क, निवडणुकीला उभं राहायचा हक्क, सरकारी नोकरी: हे नागरिकांना. आणि इथे बघा: ज्याला कुणाला धरलं, त्याला का धरलं ते सांगायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं, न्यायाधीशासमोर उभं करायचं. इथे नागरिक म्हटलेलं नाही. सरकार म्हणतं, म्हटलेलं नसलं तरी अर्थ तोच. आपण म्हणतो, नाही. एवढंच भांडण आहे. एवढंच, असं म्हणून त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

मत द्यायला मी जायची तेव्हा बाबा बरोबर यायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हापासून. फाटकाशी थांबायचे, माझी पिशवी धरून, बाकीच्या लोकांच्या रांगेपासून जरा लांब, कुणाला आपण रांगेत आहोत असं वाटू नये म्हणून. मी बाहेर आले की पिशवी परत देत विचारायचे, “झालं का राज्य करून?” मी लहान असताना मात्र मला त्यांचा राग यायचा. शाळेतल्या फॉर्मवर ‘वडिलांचे नागरिकत्व’ असा रकाना असे आणि मी तो दरवर्षी मोकळा सोडे. एका वर्षी बाईंनी वर्गात मोठ्याने विचारलं, हे राहिलं का? मी म्हटलं, विसरले. घरी येऊन आईला सांगितलं, बाबांना हे का जमत नाही? आई भाजी चिरत होती. म्हणाली, “त्यांना सगळं जमतं. पण पलीकडच्याने दार उघडायला नको?” तेव्हा मला ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं होतं.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बाबा मुदत वाढवायला कचेरीत एकटे गेले. एरवी मी जाते, पण भूगोल छपाईला जायचा होता. दुपारपर्यंत आले नाहीत, संध्याकाळी आले नाहीत. मंगळवारी मी त्या खिडकीशी उभी होते. खिडकीतला कारकून तरुण, नीटनेटका, हातात लाल पेन्सिल. “त्यांना निगराणी केंद्रात हलवलंय.” का? “ते सांगता येणार नाही.” म्हणजे तुम्हाला माहीत नाही? “माहीत असण्या-नसण्याचा प्रश्न नाही, ताई. परकीयांच्या बाबतीत कारण कळवणं आमच्यावर बंधनकारक नाही.” तो उद्धट नव्हता. मी म्हटलं, मी नागरिक आहे, मला सांगा. “तुम्हाला कुठे धरलंय?” तो म्हणाला, आणि हे उत्तर त्याने विचार करून, अगदी मनापासून दिलं होतं असं मला दिसलं. त्याच्या मागच्या टेबलावर बाबांचं हिरवं पुस्तक होतं. कुणी त्याला हात लावलेला नव्हता, वर वजन ठेवलेलं नव्हतं, आणि ते उघडं होतं. सुरुवातीच्या पानांतच उघडं. डावीकडे जेमतेम दोन-तीन कागद, उजवीकडे जाड गठ्ठा. खिडकीतून जांभळा डाग दिसत होता. दुसऱ्या कुणी बांधलेलं असतं तर ते एव्हाना मिटलं असतं आणि मला काही कळलं नसतं. बाबांच्या हाताने मला कारण सांगितलं. त्या इमारतीत दुसरं कुणी सांगणार नव्हतं.

सहाव्या दिवशी भेट मिळाली. दहा मिनिटं, मध्ये जाळी, बाजूला स्टुलावर एक शिपाई वही घेऊन. बाबांचा चष्मा काढून घेतला होता, काचेने कुणी काही करून घेईल म्हणून. ते जाळीजवळ आले, डोळे बारीक करून म्हणाले, “हलू नकोस गं. हलली नाहीस की दिसतेस.” मी हलले नाही. दाढी वाढलेली, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. जेवण बरं आहे म्हणाले. आत एक शिक्षक आहेत, दोन वर्षांपासून, त्यांना सगळे कायदे पाठ. “ते म्हणतात, का धरलं हे विचारायचा हक्क इथल्या माणसांना असतो. मी म्हटलं, मास्तर, मग आपण बसलोय कुठे?” खांदे हलवत हसले. मग हसू ओसरलं. “पण खरंच कुणी सांगत नाही. मी दिवसभर आठवत बसतो. काय केलं असेल मी? वाचनालयाचं एक पुस्तक परत करायचं राहिलं होतं, तू पाचवीत होतीस तेव्हा. त्याचं नसेल ना?” मी म्हटलं, नाही बाबा. “की खालच्या मजल्यावरच्याशी भांडलो होतो ते? तो कुठे काम करतो कुणास ठाऊक.” नाही हो. मग ते आणखी जवळ आले, नाक जाळीला टेकलं. “तू तपासलं होतंस ना? कागदांत काही नव्हतं ना?”

शिपायाने वहीतून डोकं वर केलं. ते मला दिसलं, आणि त्यानंतर सात महिने मी त्या वर केलेल्या डोक्याचा आधार घेत आले आहे. मी जर म्हटलं असतं, बाबा, तुम्ही शिक्का कापलात, तर त्याने ते लिहून घेतलं असतं: बंदीच्या मुलीने कबूल केले. त्यात खोटं काही नाही. पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की त्यांच्या चष्मा नसलेल्या डोळ्यांकडे बघत ‘तुमच्या डोळ्यांनी’ असं मला म्हणता आलं नाही. आणि त्याहून खाली, जिथे मी फारशी जात नाही तिथे, रविवारी खोटं बोलले हे मला त्यांना कळू द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, “हो, तपासलं होतं. सगळं बरोबर होतं.” “चूक नव्हती?” “नव्हती.” त्यांचा चेहरा सैल झाला. “मग त्यांचंच काहीतरी चुकलंय. सापडेल.” शिपाई म्हणाला, चला. बाबा जाताना दाराशी वळले आणि भलत्याच दिशेला हात हलवला. मी हलले होते.

वकीलबाईंनी बाबांच्या नावाने अर्ज नुकताच दाखल केला होता, आणि बाराव्या दिवशी दुपारी छापखान्यात फोन आला. हृदय बंद पडलं. केंद्राने दिलेल्या कागदावर तेवढंच एक वाक्य होतं आणि त्यात दोन चुका होत्या, त्या मला दिसल्या, आणि त्या दिसल्याबद्दल मला स्वतःची किळस आली. मालकीणबाई घरी येऊन पंधरा मिनिटं बसल्या. उठताना म्हणाल्या, “हात सोन्याचा होता गं त्यांचा. माझी जीभच मेली काळी.” मी त्यांना धीर दिला. मलाच तो द्यावा लागला आणि तो खोटा नव्हता. त्यांनी निदान चूक त्यांच्या तोंडावर सांगितली होती.

केंद्राने पिशवी परत केली: शर्ट, पट्टा, चष्मा आणि एक वही. वही म्हणजे जुन्या छापील फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजू, दुमडून, पांघरुणातून उसवलेल्या दोऱ्याने शिवलेल्या. सुई कुठून मिळाली असेल ते कळत नाही. बहुधा भोकं कशाने तरी पाडून दोरा नुसता ओवला असेल. कडा कापलेल्या नव्हत्या. आत बाबांचं वळणदार अक्षर, चष्म्याशिवाय लिहिलेलं, ओळी उतरत गेलेल्या. आकडे घालून त्यांनी स्वतःचे गुन्हे लिहिले होते. एक, वाचनालयाचं पुस्तक. दोन, जिन्यातला दिवा माझ्या शिडीने फुटला, सांगितलं नाही. तीन, खालच्यांशी भांडण. चार, ही दवाखान्यात असताना भेटीची वेळ संपल्यावरही थांबलो, तीनदा. असे एकोणीस. काही वाचून हसू येईल असे: बागेत ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी असताना चालणे, अनेकदा. मी ते प्रुफासारखे, पट्टी धरून, एकेक ओळ वाचले. अठरावा असा: दुकानातलं गिऱ्हाइकाचं पुस्तक दोन सूत जास्त कापलं, त्यांनी तक्रार केली असेल का? एकोणीस, सुमारे बावीस वर्षांपूर्वी एका शेजाऱ्याला उलट बोललो. मग वीस हा आकडा आणि त्याच्यापुढे काही नाही. ते अठरापर्यंत येऊन पोचले होते. हाताच्या अंतरावर होते. दोन सूत, हे शब्द त्यांनी लिहिले होते, फक्त पुस्तक दुसरं. त्यांना कुणी नुसतं म्हणायला हवं होतं, की तसंच. त्यांनी कपाळाला हात लावला असता आणि म्हटलं असतं, अरे हो, कापलं मी, पट्टी घरी आहे, मुलीला विचारा. चूक झाली की बाबा लगेच कबूल करत, त्यात त्यांना एक प्रकारची टापटीप वाटे. पण कबूल करायला आधी चूक कुठली ते कळावं लागतं.

“चला,” वकीलबाई म्हणतात. “आपलं नाव पुकारलं. विचारलं तरच बोलायचं. ‘हो, अर्ज पुढे चालवायचाय,’ इतकंच.” खोलीत पंखे फिरताहेत आणि त्यांच्याखाली कागद दगडांनी दाबून ठेवलेले. न्यायमूर्ती वयस्कर आहेत, मान किंचित कलती. सरकारी वकिलांना सर्दी झाली आहे. रुमाल नाकाशी नेऊन दर वेळी ‘माफ करा’ म्हणतात. त्यांचं म्हणणं सोपं आहे. अर्जदार मरण पावला आहे, तेव्हा प्रश्नच उरलेला नाही. आणि उरला असला तरी, राज्यघटना म्हणजे एका घरच्या माणसांनी आपापसांत केलेला ठराव. पाहुण्याला आपण चांगलं वागवतो, पण तो आपला चांगुलपणा. पाहुण्याचा हक्क नव्हे. “बेचाळीस वर्षं राहिला तो पाहुणा?” न्यायमूर्ती विचारतात. “किती राहिला याने पाहुण्याचा मालक होत नाही, साहेब. माफ करा.” ते शिंकतात. वकीलबाई उभ्या राहतात. “घरात वाटणी मागायला आलेलो नाही आम्ही. पाहुण्याला वाटणी नसतेच. पण पाहुण्याला खोलीत कोंडून बाहेरून कडी लावायची, तर का, ते दारातून तरी सांगावं लागतं की नाही? आणि प्रश्न उरलेला नाही म्हणता, त्या केंद्रात आज त्र्याऐंशी माणसं बसली आहेत. त्यांतल्या एकालाही का ते माहीत नाही.” मला ते मास्तर आठवतात, ज्यांना मी पाहिलेलं नाही. सरकारी वकील न्यायालयाच्या ग्रंथालयातली राज्यघटनेची प्रत उघडतात, कलम वाचण्याआधी रुमाल शोधायला दोन्ही हात खिशात घालतात, आणि पुस्तक उघडं राहतं. जाड, जुनं, नव्याने बांधलेलं. ग्रंथालयाचं काम दुकानाकडे कित्येक वर्षं होतं. मी कणा बघते, वरच्या टोकाला घेतलेला दुहेरी टाका बघते. रुमाल सापडतो. ते वाचू लागतात, बाबांच्या विरुद्ध, बाबांनी सपाट करून दिलेल्या पानावरून, आणि त्यांना पान दाबून धरावं लागत नाही.

आता न्यायमूर्ती माझं प्रतिज्ञापत्र चाळताहेत. ते वकीलबाईंनी लिहिलं, मी तीनदा तपासलं. एका ठिकाणी स्वल्पविराम घातला, एक काना दुरुस्त केला. नववा परिच्छेद असा आहे: अटकेचे कारण मृताला किंवा त्याच्या मुलीला कधीही माहीत नव्हते, आजही नाही. वकीलबाईंनी लिहिण्याआधी विचारलं होतं, तुम्हाला काही अंदाज? मी म्हटलं होतं, नाही. ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि तीनदा सोडलं, आणि खाली सही केली. चुकांवर पोट भरणाऱ्या माणसाची ती सही. मला माहीत आहे की हे वाक्य आज मोडलं तर सरकारी वकील म्हणतील, घरच्यांना कारण ठाऊक होतं, मग तक्रार कसली. म्हणतील, सहीखाली खोटं लिहिणाऱ्यांचं बाकीचं तरी का मानायचं. वकीलबाईंचं सात महिन्यांचं काम आणि त्र्याऐंशी माणसं त्या एका ओळीला टांगलेली आहेत. आणि ती ओळ तशीच ठेवली तर या निकालाच्या पहिल्या पानावर कायमचं छापलं जाईल की सांगण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं. बाबांचा वीस आकडा तसाच मोकळा राहील, आणि तो मोकळा का राहिला त्याचा सगळा दोष एका नीटनेटक्या कारकुनाचा होईल.

“नवव्या परिच्छेदाबद्दल,” न्यायमूर्ती माझ्याकडे बघून म्हणतात. आवाज मऊ आहे. “तुमच्या वडिलांना का धरलं, ते त्यांना माहीत नव्हतं आणि तुम्हालाही नव्हतं. बरोबर?”

मी उभी राहते. वकीलबाई मान न वळवता, बोटांनी झग्याची कड धरून उभ्या आहेत. मी पर्स उघडते, पुस्तक काढते. पट्टी निघताना पानाला जराशी चिकटते, खळीचा एखादा थेंब लागलेला असावा.

“नाही,” मी म्हणते. “त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.”

सरकारी वकील रुमाल खाली घेतात. वकीलबाई डोळे मिटतात. “त्यांनी मला विचारलं होतं,” मी म्हणते. “जाळीतून. यांना विचारून उत्तर मिळालं नाही म्हणून मला विचारलं. मी सांगितलं नाही. यांनी सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते शोधत शोधत मेले.”

“काय सांगितलं नाही?” न्यायमूर्ती विचारतात.

पट्टी माझ्या तळहातावर आहे, पाव इंच रुंद, तिच्यावर जांभळा कंस, आकडा, तारीख. समोरची माणसं मला नीट दिसत नाहीत. मी हलत नाही. खोलीत खळीचा वास नाही, असणं शक्यही नाही. मी त्या रविवारच्या टेबलाशी बसल्यासारखी, साध्या आवाजात, कुणी पाठमोरं भांडं घासत असावं आणि त्याला पाण्याच्या आवाजातून ऐकू जावं इतक्याच मोठ्याने म्हणते:

“बाबा, जरा इकडे या. तिसऱ्या कागदाची कड दोन सूत जास्त गेलीय.”